मदत हवी आहे: रीफ टँकचं मीठ बदलायचंय, एकदम बदलू की अर्धं-अर्धं करत?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण आता डोकं चालेनासं झालंय. प्रश्न माझ्या रीफ टँकच्या, म्हणजे घरातल्या जिवंत प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीच्या, मिठाचा आहे.

टँकची माहिती आधीच देऊन टाकते नाहीतर पहिले पाच प्रतिसाद तेच विचारण्यात जातील. दगड-वाळू वजा जाता टँक आणि सम्प (जोडलेली फिल्टरची टाकी) मिळून २७० लिटर पाणी असेल. दोन वर्षं होत आली. प्रवाळांत खाली झोआ आणि युफिलिया, मधे दोन मोंटिपोरा, आणि वर तीन अक्रोपोरा, ज्यांच्यापायी ही सगळी यातायात चाललीये. पाणी आरओ-डीआयचं (क्षार काढलेलं), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य. दर दुसऱ्या रविवारी ४० लिटर बदलते. टू-पार्ट डोसिंग (केएच आणि कॅल्शियम भरून काढणारी दोन द्रावणं) पंपावर आहे आणि केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) ८.२ ला धरून ठेवलाय, म्हणजे बहुतेक वेळा. फॉस्फेट ०.०२, नायट्रेटच्या किटमधे रंगच येत नाही.

मीठ मी पहिल्यापासून जास्त केएचवालं वापरतेय, कोणीतरी सांगितलं होतं की त्याने वाढ भराभर होते, मीही मान डोलावली आणि घेतलं. डब्यावर ३५ पीपीटीला (हजार भागांत ३५ भाग क्षार) केएच ११, कॅल्शियम ४४०, मॅग्नेशियम १३५० असं लिहिलंय. दीड वर्ष काही तक्रार नव्हती. दोन महिन्यांपूर्वी नवीन बकेट उघडली आणि तेव्हापासून ग्रहण लागलंय. वॉटर चेंज झाला की दोन-तीन दिवसांत अक्रोपोराची टोकं पांढरी पडतात, एका फांदीची तर कातडीच सुटायला लागलीये खालून. युफिलिया पूर्वीसारखी फुलत नाही. स्नेलही दोन गेल्या पण त्यांचं वयच झालं असेल.

शेवटी परवा टँकमधे टाकायच्या आधी नवीन पाणीच टेस्ट केलं. केएच १२.१, कॅल्शियम ४८५, मॅग्नेशियम १४८०!! विश्वास बसेना म्हणून सगळं परत केलं, तेच. म्हणजे ही बॅचच बिघडलेली आहे असं माझं ठाम मत झालंय. ४० लिटर टाकल्यावर टँकचा केएच ८.२ चा ८.८ होतो आणि मग आठवडाभरात परत खाली येतो, हा झोका अक्रोपोराला सोसत नसणार.

तर आता ८ च्या आसपास केएच असलेलं मीठ घ्यायचं ठरवलंय. पण एकदम बदललं तर धक्का बसेल का? की आधी पाव भाग नवीन, मग अर्धा, असं करत जाऊ? डोसिंग वाढवावं लागेल का आणि किती? आणि ह्या उरलेल्या बकेटचं काय करू, पाऊण भरलेली आहे, फेकवत नाही.

हो, एक सांगायचं राहिलं, त्याच सुमारास माझा जुना रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी म्हणजे खारटपणा मोजायचं उपकरण) हातातून पडून फुटला आणि नवीन घेतला. त्यात टँकची सॅलिनिटी ३२ दिसली, म्हणजे माझ्या नकळत कमी होत गेली असणार, म्हणून आठवडाभर एटीओच्या (वाफ होऊन उडालेलं पाणी आपोआप भरणाऱ्या यंत्राच्या) डब्यात साध्या पाण्याऐवजी मिठाचं पाणी भरून ती ३५ ला आणली. आता ३५ ला स्थिर आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

फोटो टाकता येत नाहीयेत, संध्याकाळी परत बघते.

प्रतिसाद:

भरतीओहोटी

एकदम बदला, काही होत नाही. हिशोब बघा ना, तुम्ही २७० मधले ४० बदलता म्हणजे १५ टक्के. टँक ८.२ ला आणि नवीन पाणी ८ चं, तर फरक पडला ०.०३. तुमच्या किटला दिसणारसुद्धा नाही. उलट आत्ताच्या मिठाने तुम्ही दर वेळी ०.६ ची उडी देताय. मीठ बदलण्यात धोका असतो तो टँकच्या आकड्यापासून लांब जाताना, टँकच्या आकड्याकडे येताना नाही. अर्धं-अर्धं करत बसलात तर तोच झोका आणखी दोन महिने चालेल फक्त.

डोसिंगचं म्हणाल तर जास्त केएचच्या मिठातून तुम्हाला १४ दिवसांना ०.६ फुकट मिळत होता तो आता बंद होईल. दिवसाला ०.०४. तुमच्या २७० लिटरला १ केएच चढवायला सोडियम बायकार्बोनेट लागतं साधारण ८ ग्रॅम, म्हणजे रोजचा फरक अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. टेस्ट करत राहा आणि लागेल तसं वाढवा.

एकाच कंपनीची दोन मिठं असतात हे लक्षात ठेवा. रेड सीच्या साध्या मिठाचा केएच ८ च्या आसपास आणि कोरल प्रोचा १२ च्या आसपास, बकेटा लांबून सारख्याच दिसतात. ट्रॉपिक मरीनचं प्रो-रीफही कमी केएचवालं आहे. खऱ्या समुद्रात केएच ७, कॅल्शियम ४१० ते ४२०, मॅग्नेशियम १३०० च्या आतबाहेर. टँक ज्या आकड्याला चालवायचाय त्याच्या जवळचं मीठ घ्यायचं, बाकी नावात काय नाही.

जुनाखडक

माझं मत वेगळं. मीठ बदलू नका. दर सहा महिन्यांनी मीठ बदलणारे लोक बघितलेत, त्यांचं टँक कायम "आता सेट होतंय" ह्याच अवस्थेत असतं.

बकेट उघडण्याआधी आडवी पाडून चांगली लोळवली होती का? प्रवासात हादरे बसून बारीक-जाड दाणे वेगळे होतात असं म्हणतात, मी तरी लोळवल्याशिवाय पहिला मग काढत नाही. आणि जास्त केएचवालं मीठ रात्रभर पंप लावून ढवळत ठेवू नका. माझ्याकडून एकदा असं झालं, हीटर लावून दोन दिवस ठेवलं, पाणी दुधासारखं आणि ड्रमच्या कडेला पांढरा थर, केएच १२ चा ९ झालेला. दोष मिठाचा नव्हता, माझा होता. आधी पाणी, त्यात ढवळत ढवळत मीठ, उलटं कधीच नाही, नाहीतर तळाशी जिथे मीठ दाट होतं तिथेच कॅल्शियम कार्बोनेट बसायला लागतं. विरघळलं, पारदर्शक झालं, सॅलिनिटी जुळली की वापरून मोकळं व्हायचं.

आणि नायट्रेट शून्य ठेवून केएच वर नेलात तर टोकं जळणारच हो. खायला काही नाही आणि वाढ मात्र कर म्हणायचं.

तिसरादशांश

थांबा जरा सगळे. धागाकर्तीने शेवटच्या परिच्छेदात जे सहज जाता जाता लिहिलंय तिथेच सगळं आहे, ते कोणी वाचलंच नाही बहुतेक.

आकडे परत बघा. केएच ११ च्या जागी १२.१. कॅल्शियम ४४० च्या जागी ४८५. मॅग्नेशियम १३५० च्या जागी १४८०. भागाकार करा, तिन्ही १.१ च्या जवळ. बॅच बिघडली असती तर असं सरळ रेषेत बिघडली नसती, एखादा आकडा वर गेला असता एखादा खाली. कार्बोनेट खाली बसलं असतं तर केएच आणि कॅल्शियम दोन्ही पडले असते आणि मॅग्नेशियम जवळपास जागच्या जागी राहिलं असतं. तिन्ही गोष्टी एकाच मापाने वाढल्यात म्हणजे मीठ वेगळं नाहीये, मीठ जास्त पडलंय. ३५ गुणिले १.१ म्हणजे ३८.५. तुमचं "३५ चं पाणी" खरं तर ३८ च्या वर आहे असा माझा संशय.

आणि मग बाकीचं आपोआप जुळतं. नवीन रिफ्रॅक्टोमीटर कमी दाखवतो. टँक आधी बरोबर ३५ लाच होता, ह्याने ३२ दाखवला, तुम्ही तो आठवड्यात ३८ ला नेऊन ठेवलात. बकेट त्याच वेळी उघडली म्हणून आळ तिच्यावर. स्नेल वयाने गेल्या नसाव्यात बहुधा, माफ करा.

प्रश्न एकच, तो कॅलिब्रेट कशाने केला होता?

धागाकर्ती

आरओच्या पाण्याने. बरोबर शून्य दाखवतो, दर वेळी बघते. त्यामुळे तो चुकीचा कसा असेल?

तिसरादशांश

शून्याला बरोबर म्हणजे ३५ ला बरोबर असं नसतं ना. घड्याळ बाराला जुळवलं म्हणून ते दिवसभर बरोबर चालेलच असं नाही, तसंच. आपल्याला मोजायचंय ३५ च्या आसपास तर जुळवायचंही ३५ ला. ३५ पीपीटीचं तयार कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, छोटी बाटली, ती आणा. घरी करायचं तर ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी, त्याचा वक्रीभवनांक ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्याइतका येतो. लीटरने नाही, वजनाने. आणि हे फक्त रिफ्रॅक्टोमीटरपुरतं, कंडक्टिव्हिटी मीटरला हे द्रावण लावू नका, त्याचं गणित वेगळं.

थेंब टाकला की अर्धा मिनिट थांबा, मग बघा. ते येईपर्यंत टँकला हात लावू नका. वॉटर चेंजही नको.

धागाकर्ती

द्रावण आलं. तीनदा बघितलं, नवऱ्यालाही बघायला लावलं.

३२.

तुम्ही जिंकलात. मी दोन महिने त्या बकेटला शिव्या घालतेय. आता सरळ १५ टक्के साधं पाणी टाकून खाली आणू का?

तिसरादशांश

नको नको नको. वर नेताना घाई केलीत ती पुरे.

खरी सॅलिनिटी ३८ च्या जरा वर आहे असं धरू. ३५ ला यायला २७० मधलं साधारण २२ लिटर पाणी काढून तेवढंच आरओ घालायचं. ते एका दिवसात नाही, दहा-अकरा दिवसांत. रोज सम्पमधून २ लिटर काढा, एटीओ आपोआप साध्या पाण्याने भरेल, दिवसाला ०.२५ ते ०.३ पीपीटी उतरेल, कोणाला कळणारही नाही. एटीओच्या डब्यात आता साधंच पाणी आहे ना, तेवढं एकदा चाखून नाही, मोजून बघा.

एक मात्र लक्षात असू द्या, पाणी पातळ होताना केएचही पातळ होतो. ८.२ चा नुसत्या पातळ होण्याने ७.५ होईल, त्यामुळे ह्या दिवसांत रोज केएच बघा आणि डोसिंग थोडं वाढवत न्या. कॅल्शियम मॅग्नेशियम खाली आले तर येऊ द्या, ते आत्ता उगाच वर आहेत.

भरतीओहोटी

मी आकडे बघितले पण भागाकार नाही केला, कबूल. तरी माझं म्हणणं राहतंच, टँक ८ ला चालवायचा तर ११ चं मीठ कशाला.

जुनाखडक

आणि माझंही राहतं. आधी पाणी स्थिर करा, दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या की परत कळणार नाही कशाने काय झालं. आत्ताच बघितलं ना, रिफ्रॅक्टोमीटर आणि बकेट एकाच महिन्यात बदलले तर केवढा घोळ. उरलेलं मीठ झाकण घट्ट लावून कोरड्या जागी ठेवा, दमट झालं की ढेकळं होतात.

धागाकर्ती

तीन आठवडे झाले म्हणून लिहितेय. रिफ्रॅक्टोमीटर द्रावणावर ३५ ला जुळवला. अकराव्या दिवशी टँक ३५ ला आला. केएच मधे एकदा ७.६ झाला होता, डोसिंग वाढवून ८ ला आणलाय आणि आता तिथेच ठेवणार. त्याच "बिघडलेल्या" बकेटमधून खऱ्या ३५ चं पाणी बनवलं, केएच १०.९, कॅल्शियम ४४०, मॅग्नेशियम १३४०. डब्यावर लिहिलंय तेच की हो!

अक्रोपोरापैकी दोघांची टोकं परत निळसर दिसायला लागलीत. तिसऱ्याची सुटलेली फांदी कापून टाकली, बाकीचं खोड टिकलंय. युफिलिया काल पहिल्यासारखी फुलली, फोटो अजूनही चढत नाहीये.

मिठाचं असं ठरवलंय की ही बकेट संपवायची, पण ४० ऐवजी दर आठवड्याला २० लिटर बदलायचं म्हणजे एका वेळी झोका ०.२ च्या आसपासच राहतो, आणि संपली की ८ वालं घ्यायचं, एकदम. नायट्रेटसाठी माशांचं खाणं जरा वाढवलंय, किटमधे फिकट गुलाबी रंग आला पहिल्यांदाच, किती आनंद झाला सांगू.

आणि जुनाखडक, लोळवली बकेट. फरशीवर ओरखडा पडलाय.