‘अनडॉक्युमेंटेड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: अमेरिकेत ‘अनडॉक्युमेंटेड इमिग्रंट’ना ड्रायव्हिंग लायसन्स द्यावं का, या वादावर मराठीत लिहितो आहे. ‘विनादस्तऐवज स्थलांतरितांना वाहनचालक परवाना’ चालेल?

– ‘विनादस्तऐवज’ नको. वाटतं की माणसाकडे कागदाचा कपटाही नाही. कॅलिफोर्नियात अशांनाही लायसन्स देणाऱ्या एबी ६० कायद्याखाली (मंजुरी २०१३, अंमल १ जानेवारी २०१५) अर्जदार खिडकीवर आपल्या देशाचा पासपोर्ट किंवा वकिलातीचं ओळखपत्र ठेवतो, पत्त्यासाठी भाडेकरार नाहीतर विजेचं बिल देतो. पुढे लेखी परीक्षा, मग गाडी चालवून दाखवणं. कागद भरपूर आहेत, नाही तो देशात राहण्याचा अधिकार. ‘अनधिकृत रहिवासी’ लिहा.

– ‘घुसखोर’ही नको. व्हिसावर रीतसर विमानाने येऊन मुदत उलटल्यावर राहिलेलेही यात मोडतात. तपासणी चुकवून सीमा ओलांडणं तिकडे फौजदारी गुन्हा आहे, मुदत उलटून राहणं एरवी दिवाणी स्वरूपाचा नियमभंग. ‘अनधिकृत’ दोघांनाही पुरतो, आणि ‘अनधिकृत फेरीवाले’ आपण म्हणतोच.

– ‘परवाना’चं काय? आरटीओच्या मराठीत लायसन्स म्हणजे अनुज्ञप्ती (शिकाऊ, पक्की) आणि परमिट म्हणजे परवाना. रिक्षाचा परवाना वेगळा, चालवणाऱ्याची अनुज्ञप्ती वेगळी. पण फॉर्मबाहेर अनुज्ञप्ती कोण म्हणतं! ‘लायसन्स’च ठेवा.

– युटा राज्यात अशा रहिवाशांसाठी २००५ पासून ‘ड्रायव्हिंग प्रिव्हिलेज कार्ड’ आहे. त्याचं ‘विशेषाधिकार पत्र’ केलंत तर अर्थ उलटाच होईल. विशेषाधिकार आमदारांना असतात. इथे आहे ती नुसती मुभा, हक्क नव्हे. ‘वाहन चालवण्याची मुभा देणारं कार्ड’ असं लिहावं. ओळखपत्र म्हणून ग्राह्य नाही, असं त्या कार्डावरच छापलेलं असतं. वादाची गाठही इथेच आहे. तिकडे लायसन्स हेच रोजचं ओळखपत्र. बाजूने बोलणारे त्यात परीक्षा पास झालेला, विमा उतरवू शकणारा चालक बघतात, विरोधकांना ओळखपत्र दिसतं. ‘परवाना’ शब्दात ही दुसरी बाजू येतच नाही, त्यामुळे एका वाक्यात ती सांगून टाकावी लागते.

– एबी ६० च्या कार्डावर ‘फेडरल लिमिट्स अप्लाय’ असतं. ‘केंद्रीय मर्यादा लागू’ वाचून कुणाला वेगमर्यादा वाटेल. ‘केंद्र सरकारच्या कामांसाठी ग्राह्य नाही’ हे बरं. मात्र त्याला ‘अनधिकृतांचा शिक्का’ म्हणू नका: जानेवारी २०१८ पासून रिअल आयडी (केंद्राच्या निकषांत बसणारं कार्ड) न घेतलेल्या नागरिकांच्या साध्या लायसन्सवरही तिथे हेच शब्द येतात. एच-१बी वाल्यांच्या कार्डावरचं ‘लिमिटेड टर्म’ आणखी निराळं. त्याचा अर्थ ‘मुक्कामाच्या मुदतीपुरतं’.