रोज रात्री नऊला "उद्या डब्याला काय?" आठवड्याचा स्वयंपाक तुम्ही कसा बसवता?

वारजेकर बाबा

नमस्कार मंडळी. जूनपासून बायकोची बदली नाशिकला झाली आहे. शुक्रवारी रात्री येते, सोमवारी पहाटेच्या बसने जाते. बाकीचे दिवस घरात मी, दुसरीतली लेक, साडेतीन वर्षांचा धाकटा आणि माझे वडील. ऑफिस हिंजवडीला, आठवड्यातून तीन दिवस जावंच लागतं. सहाला निघालो तरी चांदणी चौक ओलांडून घरी यायला पावणेआठ होतात.

स्वयंपाक मला येतो. पोळ्यांना मावशी येतात, सकाळी सहाला पंधरा पोळ्या लाटून जातात. भाजी, वरण-भात, धाकट्याचा पाळणाघराचा खाऊ माझ्याकडे. अडतं ते ठरवण्यापाशी. रात्री मुलं झोपवून फ्रिज उघडावा तर पालक पिवळा पडलेला, गवार निवडायची राहिलेली, मटकी भिजवायला विसरलेलो. मग बटाटा. गेल्या आठवड्यात चार दिवस काचऱ्या केल्या. बाबांना साखर आहे. त्यांनी चौथ्या दिवशी काही न बोलता काचऱ्या ताटात बाजूला सारल्या आणि ताकाशी पोळी खाल्ली. ते बघून फार वाईट वाटलं.

दुसरं म्हणजे लेकीचा डबा तीनदा तसाच परत आला. विचारलं की "वेळ नाही मिळाला" एवढंच. सोमवारी उघडून बघितला तर कोबी जसाच्या तसा आणि सगळ्यात खालची पोळी भिजून झाकणाच्या रबराला चिकटलेली.

मागच्या रविवारी कंबर कसून पाच भाज्या एकदम करून ठेवल्या. बुधवारी भेंडी कोणाच्या घशाखाली उतरेना, गुरुवारी फ्लॉवरला वास यायला लागला. अन्न टाकताना हात उचलत नाही हो. तुम्ही तक्ता करता का? खरोखर पाळला जातो असा?

कोथरूडची दोघांची आई

दादा, मीही नोकरी करते, दोन मुलगे, आणि तुमचं सगळं मी करून बसले आहे. माझं सांगते. भाजी शिजवून ठेवू नका, निवडून ठेवा. आणि काय करायचं ते पदार्थावरून ठरवू नका, कोणती भाजी आधी खराब होईल त्यावरून ठरवा. आमच्याकडे रविवारी शेतकरी आठवडे बाजार भरतो, तिथून आणते. मेथी, पालक, चाकवत सोमवारी-मंगळवारी संपलंच पाहिजे. भेंडी, गवार, फरसबी बुधवारपर्यंत. दुधी, कोबी, लाल भोपळा शेवटी, ते आठवडा काढतात. एवढा क्रम पाळला तरी निम्मा तक्ता आपोआप होतो.

रविवारी दुपारी टीव्हीसमोर चाळणी घेऊन बसते. गवार, फरसबी मोडून कोरड्या डब्यात, पालेभाजी न धुता नुसती निवडून. मोठ्याला मटार सोलायला देते. तो स्वतः सोललेले मटार डब्यातून परत आणत नाही, हे माझ्या अनुभवाचं.

बाकी फ्रिजच्या दारावर एक कागद. त्यावर भाजीचं नाव लिहितच नाही, रात्री काय करून ठेवायचं तेवढंच लिहिते. "मंगळवार रात्र: हरभरे भिजव." "रविवार रात्र: मेथी धू." कारण सकाळचं सगळं रात्रीच्या पाच मिनिटांवर अडलेलं असतं. नऊ वाजता डोकं चालत नाही, पण लिहिलेलं वाचता येतं.

शिफ्टवाला

रविवारी शिजवणं सरसकट वाईट नाही. तुमची भाज्यांची निवड चुकली. भेंडी, फ्लॉवर करून ठेवायच्या भाज्याच नव्हेत. मी कांदा-टोमॅटोचं परतलेलं वाटण आणि उकडलेले छोले-राजमा एकेका वेळचे करून फ्रीझरमध्ये टाकतो. रात्री काढून खाली फ्रिजमध्ये ठेवायचे, सकाळी दहा मिनिटांत उसळ. पिशवीत चपटे पसरून गोठवा, गोळा करून ठेवलं तर मधलं सकाळपर्यंत सुटत नाही. आणि भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका, वाफ गेली की लगेच फ्रिजमध्ये. सकाळी फोडणीचा करताना चांगला वाफेपर्यंत परता. लहान मुलं आहेत घरात.

आमच्या भागात गुरुवारी पाणी बंद असलं की मी मुगाच्या डाळीची खिचडी, पापड, लोणचं. कुकर आणि चार ताटल्या, बाकी भांडीच नाहीत.

नारायण पेठेतली आजी

अरे बाळा, चार दिवस काचऱ्या झाल्या म्हणून एवढं लावून घेऊ नकोस. तू करतोयस हेच तुझ्या बाबांना दिसतंय.

चाळीस वर्षं मी मंडईतून भाजी आणली, त्यातलं सांगते. पालेभाजी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीस की आत पाणी सुटतं आणि ती सडते. जुन्या धुवट पंच्यात सैल गुंडाळ, पंचा कोरडा हवा. कोथिंबिरीची मुळं कापून तिलाही तसंच. कांदे आणि बटाटे एका टोपलीत ठेवू नकोस.

मटकी शनिवारी रात्री भिजव, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांध. पावसाळी गारठ्यात मोड यायला वेळ लागतो, तेव्हा पुरचुंडी पोळ्यांच्या कॅसरोलमध्ये ठेव, आतल्या उबेने लवकर येतात. मोड आले की कोरड्या डब्यात फ्रिजमध्ये, तीन दिवस बघायला नको.

आणि घरात दोन गोष्टी कधी संपू देऊ नकोस, भाजणी आणि दाण्याचं कूट. ज्या दिवशी सगळं फसेल त्या दिवशी कांदा घालून थालीपीठ, वर लोण्याचा गोळा. कूट असलं की काकडी, मुळा, गाजर कशाचीही कोशिंबीर होते. बाबांना भाताऐवजी भाकरी चालत असेल तर मावशींना विचार, ज्वारीच्या दोन थापतील.

इयत्ता दुसरीच्या बाई

मी प्राथमिक शाळेत शिकवते. स्वयंपाकाचं वरच्यांनी सांगितलंच आहे, मी लेकीच्या डब्याबद्दल लिहिते, कारण ते वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे छोटी सुट्टी दहा मिनिटांची. हात धुवून रांगेतून येईपर्यंत तीन जातात. रोज चार-पाच मुलं डबा घेऊन माझ्याकडे येतात, "बाई, उघडत नाही." गरम भाजी भरून लगेच घट्ट झाकण लावलं की आतली वाफ गार होते आणि झाकण आत ओढलं जातं. मोठ्या माणसालाही जोर लावावा लागतो. काही मुलं विचारायला लाजतात आणि डबा तसाच दप्तरात ठेवतात. तुमची पोळी भिजलेली होती म्हणजे वाफ कोंडली होती. भाजी ताटलीत पसरून दहा मिनिटं निवू द्या, मग भरा. पोळीचे तुकडे करून द्या किंवा भाजी आत घालून गुंडाळी, चार घासांत संपेल अशी. आणि आज संध्याकाळी तिला तो डबा स्वतः उघडायला सांगून बघा. रागावू नका फक्त.

वारजेकर बाबा

बाई, त्याच संध्याकाळी बघितलं. गरम वरण भरून झाकण लावलं, अर्ध्या तासाने तिच्या हातात दिला. दोन्ही गुडघ्यांत डबा धरून, ओठ दाबून तिने ओढला. निघाला नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "शाळेत पण असंच होतं." तीन आठवडे मी तिला भाजी आवडत नाही असं समजत होतो. आता साधा, बिनरबराचा स्टीलचा डबा आणला आहे आणि भाजी निववूनच भरतो. त्यासाठी उठायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आली, चालेल.

दोन आठवडे झाले. कोथरूडच्या ताई, तुमचा रात्रीचा कागद दारावर लागला आहे. बाबा तो वाचतात आणि माझ्या आधीच हरभरे भिजत घालतात. गवार तेच मोडतात, धाकटा शेजारी बसून शिरा काढायला "मदत" करतो. पालक एकदाही टाकावा लागला नाही. गेल्या बुधवारी उशीर झाला तेव्हा भाजणी कामी आली, मात्र ती विकतची होती, आजी. घरची दिवाळीच्या सुट्टीत बायको आली की दोघं मिळून भाजू.

आजी, एक विचारायचं राहिलं. बाबांना अळूचं फदफदं फार आवडतं. रविवारी अळू आणलं तर बुधवारपर्यंत टिकेल का?

नारायण पेठेतली आजी

नाही रे, पानं मरगळतात. सोमवारीच कर. देठी रविवारी रात्री सोलून ठेव, डाळ-दाणे भिजत घाल. भाजीचं अळू बघून घे आणि चिंच घालायला विसरू नकोस, नाहीतर लेकीचा घसा खवखवेल आणि ती पुन्हा म्हणून अळूला हात लावायची नाही.