ईएल ३४ लाल होऊन फ्यूज गेला, नवीन जोडी घालण्याआधी काय तपासू?

प्रश्न
बाबांचा लग्नकार्यात लाऊडस्पीकर लावायचा धंदा होता. त्यांचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर मी अजून चालता ठेवलाय. स्पीकरला ताकद देणारे शेवटचे दोन ईएल ३४ व्हॉल्व्ह, पुश-पुल (आळीपाळीने जोर लावणारे), त्यांचा प्रवाह आवरणाऱ्या निगेटिव्ह बायसचा सप्लाय वेगळा. परवा घरघर वाढली म्हणून बघितलं, तर उजव्या व्हॉल्व्हची प्लेट निखाऱ्यासारखी लाल. बटण बंद करेपर्यंत फ्यूज गेला. तो व्हॉल्व्ह काढला की फ्यूज टिकतो. नवीन जोडी आणलीय, पण हात धजावत नाही. आत आणखी काय गेलं असेल?

उत्तर : जुना रेडिओ मेकॅनिक
जोडी खोक्यातच राहू द्या. आधी प्लग काढा. तरीही फिल्टर कंडेन्सरमध्ये ४०० व्होल्ट बसून असतात, ते १० के (१० हजार ओहम), ५ वॅटच्या रेझिस्टन्समधून चॅसीवर रिकामे करा आणि मीटरने खात्री करा. याच्यात घाई नको.

दोन्ही ईएल ३४ काढा. चौथ्या पिनेचा, म्हणजे स्क्रीनचा (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीचा) रेझिस्टन्स मोजा. असल्या भानगडीत बहुतेकदा तोच आधी जातो. आऊटपुट ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टॅपपासून दोन्ही तिसऱ्या पिनांपर्यंतचे, म्हणजे प्लेटपर्यंतचे ओहम बघा. थोडा फरक चालतो, बाहेरच्या वेढ्यांना तार जास्त लागते.

मग मेन्सच्या वायरीत सिरीजमध्ये ६० वॅटचा तारेचा जुना बल्ब लावून, ईएल ३४ न घालता चालू करा आणि दोन्ही सॉकेटच्या पाचव्या पिनेवर, म्हणजे ग्रिडवर (पहिल्या जाळीवर), डीसी मोजा. हाच बायस. मायनस हवा आणि दोन्हीकडे सारखा हवा. हे माप चुकवू नका. बायस गेला की चांगला व्हॉल्व्हसुद्धा लाल होतो, तुमचा नवाही होईल.

प्रश्नकर्ता
काका, मोजलं. उजवीकडचा स्क्रीनचा १ के ओपन आहे, वरून मात्र एक डागही नाही. ट्रान्सफॉर्मर ७१ आणि ७८ ओहम. पण पाचव्या पिनेवर डावीकडे मायनस ३३ आणि उजवीकडे मायनस ११!

उत्तर : आणखी एक सभासद
आधीच्या व्हॉल्व्हकडून ग्रिडवर आवाज नेणारा कपलिंग कंडेन्सर लीक आहे. त्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरचा प्लस ग्रिडवर झिरपतोय. सप्लाय बंद करून, कंडेन्सर रिकामे करून त्याचं ग्रिडकडचं टोक सोडवा आणि परत मोजा. मायनस ३३ आले तर चोर सापडला. दोन्ही बाजूंचे बदला, ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट. सॉकेटवर दुसऱ्या-तिसऱ्या पिनेमध्ये जळकी काळी रेघ दिसली तर सॉकेटही बदला, ती पुसून भागत नाही.

प्रश्नकर्ता
टोक सोडवताच मायनस ३३! दोन्ही कंडेन्सर आणि तो १ के बदलला. सॉकेट स्वच्छ होतं. डमी लोड (स्पीकरऐवजी रेझिस्टन्स) लावून नवीन जोडी घातली. प्लेटवर ४२० व्होल्ट, कॅथोडमधून ३५ आणि ३७ मिलिअ‍ॅम्पिअर.

जुना रेडिओ मेकॅनिक
म्हणजे व्हॉल्व्हमागे १५ वॅटच्या आसपास. ईएल ३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅट, त्यामुळे चिंता नाही. आज खोलीत अंधार करून तासभर प्लेटांकडे बघत बसा. लोड न जोडता आवाज अजिबात वाढवू नका, वाचलेला ट्रान्सफॉर्मर तेवढ्याने जाईल.