मदत हवी आहे: ट्रेलरमधला जुना कॅटॅलिटिक हीटर वापरावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही कोलोरॅडोत राहतो. उन्हाळ्यात २०११ सालचा ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) जुन्यात घेतला. त्यात भिंतीवर प्रोपेनचा कॅटॅलिटिक हीटर आहे, म्हणजे गॅस प्लॅटिनमचा लेप असलेल्या गादीवर ज्योतीशिवाय जळून ऊब देतो. ज्योत नाही, पंखा नाही, बॅटरी खात नाही, म्हणून ऑक्टोबरात युटामधल्या मोआबला जाताना तोच लावायचं ठरवलं होतं.

परवा अंगणात, दार उघडं ठेवून लावून पाहिला. जाळीमागची गादी मधोमध छान तापली, पण खालचा डावा कोपरा हात जवळ नेला तरी गारच, आणि तिथे न जळलेल्या गॅसचा वास. लगेच बंद केला. आधीच्या मालकाने त्याला झाकण घातलंच नव्हतं. प्लॅटिनमच्या गादीत वर्षानुवर्षांची धूळ बसली असणार.

नुसती गादी बदलून भागतं का, की हीटरच काढून टाकावा? गॅसचा दाब ११ इंच वॉटर कॉलम (पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजलेला दाब) भरतोय का, हे कोणाकडून तपासून घेतलंत?

हा हीटर आतलाच ऑक्सिजन वापरतो, म्हणून छताची खिडकी आणि खालची एक काच थोडी उघडी ठेवणारच आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही नवा आणलाय. तरी रात्री झोपताना तुम्ही असा हीटर चालू ठेवता का? पुण्याहून आई-बाबा येतायत, बाबांना दमा आहे. जीव थाऱ्यावर नाही माझा.