मदत हवी आहे: बागप्रेमी मंडळाचे हिवाळ्यातले कार्यक्रम आणि जानेवारीतलं फुलांचं प्रदर्शन (फोंडा, गोवा)

नमस्कार मंडळी,

फोंडा तालुक्यातल्या एका गावात आमचं बागप्रेमींचं छोटं मंडळ आहे. पंचवीस-तीस घरं असतील. कुणाकडे घरामागे भाट (नारळीची बाग) आणि कुळागराचा (पोफळीच्या, म्हणजे सुपारीच्या, मिश्र बागेचा) तुकडा, तर कुणाकडे नुसता फ्लॅटचा सज्जा. पावसाळ्यात आम्हाला काही ठरवावं लागत नाही, तेव्हा फांदी मातीत खोचली तरी रुजते. पण गोव्यात मन लावून बाग करायचे दिवस हेच, पाऊस गेल्यानंतरचे. सकाळी दव पडतं, रात्री थोडा गारवा असतो आणि विहिरींना अजून पाणी असतं. फेब्रुवारी सरला की ऊन चढतं, विहिरी खाली जायला लागतात आणि कुंड्या जगवणं एवढंच काम उरतं. तेव्हा जे करायचं ते या तीन महिन्यांत. यंदा हा कार्यक्रम आखायची जबाबदारी माझ्याकडे आहे. काही गोष्टी ठरल्या आहेत, काहींवर गाडी अडली आहे.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पातेऱ्याचं, म्हणजे गळलेल्या सुक्या पानांचं, काम करायचं ठरलं आहे. काजू, आंबा, फणस, साग यांचा पातेरा आता पडायला लागेल आणि आमच्याकडे रोज सकाळी तो झाडून पेटवायची पद्धत आहे. सगळ्या वाड्यावर धूर बसतो, दम्याच्या माणसांचे हाल होतात आणि सोन्यासारखं खत जळून जातं. म्हणून प्रत्येक चार-पाच घरांत मिळून कोंबड्यांच्या जाळीचं एक गोल कुंपण उभारायचं, साधारण तीन फूट रुंदीचं. त्यात पातेऱ्याचा एक थर, वर शेणकाला, पुन्हा पातेरा. काजूचं आणि आंब्याचं पान चिवट असतं, लवकर कुजत नाही, म्हणून ते आधी पायाखाली तुडवून घ्यायचं. ओल टिकवली आणि महिन्यातून एकदा उलथापालथ केली तर पावसाच्या तोंडाला खत हाताशी येईल. याबद्दल मला शंका नाही, फक्त कुणी हे मोठ्या प्रमाणावर केलं असेल तर वाळवीचं काय केलंत ते सांगा. जांभ्या दगडाच्या जमिनीत वाळवी आम्हाला फार छळते.

डिसेंबरच्या शेवटी गावठी बियाण्यांची देवाणघेवाण आहे. तांबडी भाजी, मुळा, अळसांदे (चवळीचा प्रकार), वाल, दोडकी, भोपळे हे घरोघरी आहे. काणकोणच्या एका सदस्येच्या माहेरून खोल्याची मिरची येणार आहे, कुणीतरी आगशीची मोठी वांगी लावली आहेत. माझी काळजी वेगळीच आहे. एकाच परसात लवंगी मिरची, ढोबळी मिरची आणि खोल्याची मिरची शेजारी शेजारी लावलेली असते आणि त्यातलंच बी लोक पुडीत बांधून आणतात. पुढच्या वर्षी त्यातून काय उगवेल याची खात्री कोण देणार? आपल्या गावठी जाती आपणच गोंधळ करून घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं. बी धरण्याची नीट पद्धत सदस्यांना एका पानावर छापून द्यायची आहे. जाणकारांनी सांगावी.

जानेवारीच्या मध्यावर जवळच्या एका कुळागरात जायचं आहे. तेव्हा मिरीचे घोस भरलेले असतात, पोफळीची काढणी चालू असते, जायफळ, केळी, अननस सगळं एकाखाली एक बघायला मिळतं. मालकांनी आनंदाने होकार दिला आहे. तीस माणसं घेऊन जाताना काय काळजी घ्यावी?

आता मुख्य अडचण. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी फुलझाडांचं प्रदर्शन आणि स्पर्धा ठेवायची असं ठरतंय. मागच्या वेळी पहिली तिन्ही बक्षिसं अशा कुंड्यांना गेली की ज्या प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात नर्सरीतून आल्या होत्या. नियमात कुठे तसं करू नये असं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे कुणाला दोष देता येत नाही. पण एका आजींनी बियांपासून वाढवलेली डेलियाची कुंडी आणली होती. दोनच फुलं, एक पान किडीने खाल्लेलं. त्यांनी कुंडीच्या कडेची माती बोटाने सारखी केली, ती नीट भिंतीशी लावून ठेवली आणि संध्याकाळी कुणी न विचारता परत घेऊन गेल्या. यंदा त्यांनी नाव दिलेलं नाही. मला हे फार लागलं आहे. ज्याने झाड वाढवलं त्याचं कौतुक व्हावं, असा नियम कसा करायचा? आणि तो पाळला जातोय हे तपासायचं कसं, तेही कुणाच्या अंगणात जाऊन चौकशी न करता?

दुसरी अडचण शेवंतीची. जुलैत आम्ही एकाच झाडाचे शेंडे खुडून रुजवले आणि दहा-बारा घरांत वाटले. आता काही घरी कळ्या धरल्या आहेत आणि काही घरी झाड गुडघ्याएवढं हिरवंगार झालंय, पण कळीचा पत्ता नाही. खत सारखंच, पाणी सारखंच. प्रदर्शनापर्यंत फुलतील का?

तारखेबद्दलही मत द्या. माघात आमच्या तालुक्यात मंगेशीची आणि कवळ्याची जत्रा असते, त्यानंतर कार्निव्हल, मग शाळांच्या परीक्षा. २६ जानेवारीला शाळेचं सभागृह मिळत नाही. उघड्यावर, देवळासमोरच्या मांडवात ठेवावं का?

म्हापशाहून प्रतिसाद

ताई, शेवंतीचं आधी बघा. ज्या घरी कळ्या नाहीत तिथल्या कुंड्या रात्री कुठे असतात? गेटवरच्या दिव्याखाली किंवा रस्त्याच्या दिव्याच्या उजेडात असतील तर कारण तेच. शेवंती मोठ्या रात्रीचं झाड आहे. रात्र लांबली की ते कळी धरतं आणि मधेच उजेड पडला तर त्याला अजून उन्हाळाच आहे असं वाटतं, नुसती पानं वाढवत राहतं. नाताळात लाल होणाऱ्या पॉइन्सेटियाचंही हेच. डिसेंबरात आपल्याकडे रात्र जवळजवळ तेरा तासांची असते, त्यामुळे वेगळं काही करायची गरज नाही. कुंड्या घराच्या काळोख्या बाजूला हलवा म्हणजे झालं. हलवता येत नसेल तर संध्याकाळी सहाला वर पुठ्ठ्याचा खोका उपडा घाला आणि सकाळी सातला काढा. हे रोज करायला हवं, एक रात्र विसरून दुसरी धरली असं चालत नाही. सलग काळोखी रात्र मिळायला लागल्यापासून फूल उमलायला साधारण सात ते दहा आठवडे लागतात, म्हणून आजच हलवा. आणि आता शेंडे खुडू नका, खुडायची वेळ गेली. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, नाहीतर लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून उन्हं उतरल्यावर मारा.

मडगावहून प्रतिसाद

नियमासाठी आमची पद्धत सांगतो. मंडळानेच एका वाफ्यात एकाच पाकिटातलं बी पेरायचं आणि रोपं चार पानांवर आली की प्रत्येक सदस्याला सारख्या मापाची पिशवी आणि सारखी दोन रोपं द्यायची. पिशवीवर मंडळाचा रंगाचा ठिपका. स्पर्धा फक्त त्या रोपांची. नर्सरीतली कुंडी आणायला कुणाला बंदी नाही, ती प्रदर्शनात मांडावी, स्पर्धेत धरायची नाही. चौकशीचा प्रश्नच येत नाही.

जानेवारीच्या शेवटी प्रदर्शन असेल तर बी निवडताना दिवस मोजा. झिनिया, कॉसमॉस आणि बुटका झेंडू दोन महिन्यांच्या आत-बाहेर फुलतात, आज-उद्या पेरलं तर जमेल. पिटुनियाच्या मागे लागू नका, बियांपासून त्याला आणखी वेळ लागतो आणि बी इतकं बारीक असतं की नवख्या हाताला साधत नाही. मी असतो तर झिनिया घेतला असता. आमच्या दमट हवेत त्याच्या पानावर भुरी येते, तेव्हा पाणी पानांवर न घालता बुडाशी घालायचं, तेही सकाळी. ज्याने हे सांभाळलं त्याची कुंडी लगेच ओळखू येते, परीक्षकाचं काम सोपं होतं.

आणि त्या आजींना रोपं घरी नेऊन द्या. निरोप पाठवू नका.

पेडण्याहून प्रतिसाद

मिरचीचं बी: शेजारी दुसरी जात असेल तर मधमाश्या आणि मुंग्या परागकण इकडचे तिकडे करतात, ढोबळी आणि तिखट मिरचीचाही संकर होतो. उपाय सोपा आहे. कळी उमलायच्या आधी त्या फांदीवर पातळ मलमलीची पिशवी बांधायची, अधूनमधून फांदी हलकेच टिचकी मारून हलवायची. आतली फुलं आपल्याच परागावर फळतात. फळ धरलं की पिशवी काढून त्या देठाला रंगीत दोरा बांधायचा. बी त्याच फळांचं, पूर्ण लाल झाल्यावर. बी काढण्याआधी हाताला खोबरेल लावा.

वांग्यालाही पिशवी बांधलेली बरी. फळ झाडावरच पिवळं पडू द्यायचं, गर पाण्यात कुस्करायचा, तळाला बसतं ते चांगलं बी. सावलीत वाळवायचं. अळसांदे आणि वाल यांचं फूल बहुतेक आपल्याच परागावर फळतं, तिथे एवढी काळजी नको. पण भुंगा लागतो, म्हणून चाळलेल्या चुलीच्या राखेत घोळवून बरणीत भरा. आमच्या घरी अजून तसंच ठेवतात आणि पेरणीला एकही दाणा पोकळ निघत नाही. पुडीवर बियाचं नाव, कुठल्या वाड्यातलं आणि कुठल्या महिन्यात काढलं, एवढं लिहायला लावा. ज्या मिरचीच्या शेजारी दुसरी जात होती त्या पुडीवर तसंही लिहावं.

अबोलीही ठेवा यादीत! तिच्या वाळलेल्या बोंडांना पाणी लागलं की ती फटकन फुटून बी उडवतात. म्हणून सुकलेले तुरे दव पडायच्या आत, संध्याकाळीच काढून कागदी पिशवीत ठेवायचे. मुलांना हे दाखवा, पेल्यात पाणी घेऊन त्यात बोंडं टाकायची. दुसऱ्या दिवसापासून मुलं बागेत येतात.

गावठी बी कमी पडलं तर बाणस्तारीला गुरुवारी किंवा म्हापशाला शुक्रवारी बायका घरचं बी घेऊन बसतात. दुकानातल्या पाकिटापेक्षा त्यांच्याशी बोलून घ्या, कुठल्या मातीत वाढलं तेही कळतं.

केरी, फोंड्याहून प्रतिसाद

आमचं कुळागर आहे म्हणून लिहितो. काढणीच्या दिवशी येऊ नका, किंवा आलात तर पाडेली (झाडावर चढून सुपारी-नारळ काढणारा) झाडावर असताना त्या बाजूला कुणालाही फिरकू देऊ नका. पोफळीचा घोस वरून सुटला तर डोकं फुटतं. दुसरं, चपलांची माती. मिरीचा वेल एकाएकी सुकवणारा रोग मातीतून पसरतो. आदल्या दिवशी दुसऱ्या कुळागरात गेलेलं कुणी असेल तर पादत्राणं धुऊनच आत यावं. वाटेवरून चालावं, पाटाच्या कडा पायाने मोडू नयेत. त्या बांधायला आम्हाला दर वर्षी पावसानंतर किती दिवस लागतात ते आम्हालाच ठाऊक. मिरीचा घोस दाखवताना मालकांना सांगा की एक-दोन दाणे लाल झालेला घोस दाखवा. काढायची वेळ त्यावरून ठरते, हे बघितलेलं लोक विसरत नाहीत.

वाळवीबद्दल: पातेऱ्याचं कुंपण झाडाच्या बुंध्याला किंवा घराच्या लाकडाला टेकवू नका आणि ढीग सुका पडू देऊ नका. सुक्या पातेऱ्यात वाळवी शिरते, ओल्यात सहसा टिकत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवंतीचा उलगडा झाला. कळ्या नसलेल्या सगळ्या कुंड्या रस्त्याकडच्या आहेत, काळोखात असलेल्या सगळ्या कळ्यांनी भरल्या आहेत. आज संध्याकाळी दोघी जणी हातगाडी घेऊन घरोघरी जाऊन त्या परसात हलवणार आहोत.

झिनियाचंच ठरलं. बी उद्या पेरतोय, सोडणाच्या (नारळाच्या काथ्याच्या) भुशात शेणखत मिसळून. रोपं आजींकडे मी स्वतः नेईन. मांडवाऐवजी गावातल्या एका जुन्या घराचं राजांगण (घराच्या आतलं चौकोनी अंगण) मिळतंय, तिथे सावलीही आहे आणि विहीरही. तारीख पंचांग बघून जत्रेच्या आधीच धरतो.

आता फक्त परीक्षकांचं राहिलं. जुने गोवे येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारायचं आहे. नोव्हेनाची (फेस्ताआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनांची) आणि ३ डिसेंबरच्या सेंट झेवियरच्या फेस्ताची (सणाची) गर्दी ओसरली की जाऊन येते. तिथल्या तज्ज्ञांना रविवारी गावात बोलवायचं असेल तर अर्ज किती आधी द्यावा लागतो, कुणी बोलावलं असेल तर कळवा. आणि त्याच फेरीत मातीचे नमुने दिले तर चालतील का, तेही. आमच्या बऱ्याच घरांची माती आंबट आहे, वर्षानुवर्षं कुणी तपासलेली नाही.