मदत हवी आहे : कमी कार्बनचं सिमेंट स्लॅबला वापरलंय का कुणी?
नमस्कार मंडळी. घराचं बांधकाम काढतोय आणि त्यातून होणारं कार्बन उत्सर्जन शक्य तितकं कमी ठेवायचंय. सगळ्यात जास्त सतावतंय ते सिमेंट. भट्टीचं इंधन बदललं तरी चुनखडी तापली की तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, १ टन शुद्ध चुनखडीमागे सुमारे ४४० किलो! म्हणजे क्लिंकरच (चुनखडी भट्टीत भाजून होणारे खडे, जे दळून सिमेंट बनतं) कमी वापरायला हवं. फ्लाय अ‍ॅश (औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख) किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेल्या सिमेंटमध्ये ते कमी असतं, पण सुरुवातीची ताकद हळू येते आणि कंत्राटदार नेमकं त्यामुळेच नको म्हणतोय. तुम्ही स्लॅबला वापरलं असेल तर सेंट्रिंग किती दिवस ठेवलंत? पाणी किती दिवस मारलंत? थंडीत काम केलेल्यांनी तर जरूर लिहा.