अनुभव धागा: मृगाआधीचं गाव

शहरातले लोक विचारतात, "गावाकडं काय नवीन?" चैत्र-वैशाखात नवीन म्हणजे कुणाचा कांदा चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर छपरात) गेला, कुठल्या विहिरीचा तळ दिसला, कुणाच्या गच्चीवर कुरडया वाळतायत. 7-8 जूनला मृग लागतं, त्याच्या आत हे सगळं उरकायचं असतं. तुमच्या भागात सध्या काय चाललंय ते लिहा, पण मापासकट. आठवणींसाठी वेगळा धागा काढू.

निफाड तालुक्यातून

उन्हाळ कांद्याची काढणी आटोपत आली, आता चाळी भरणं चालू. निम्म्या कांद्यांच्या माना (पातीचं बूड) पडल्या की काढायला घ्यायचा. पाणी त्याआधी 15-20 दिवस तोडलेलं हवं. उपटलेला कांदा वाफ्यातच पातीसकट तीन-चार दिवस पडू द्यायचा, मात्र एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर आली पाहिजे. उघडा पडला की उन्हाचा चट्टा बसतो आणि चाळीत पहिला तोच सडतो. पात कापताना पीळ देऊन मान एक-दीड इंच ठेवा. पार बुडाशी कापली की तोंड उघडं राहतं, काळी बुरशी तिथूनच आत शिरते. मग सावलीत 10-12 दिवस.

चाळीची आतली रुंदी 4 फूट, तळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर, कांद्याची उंची 4 ते 5 फूट. एकपाखी (एका रांगेची) चाळ दक्षिणोत्तर, दुपाखी (दोन रांगांची) पूर्व-पश्चिम. हे सगळ्यांना पाठ असतं. पण दारात ट्रॉली उभी आणि जागा संपली की सहा-सात फुटांपर्यंत भरत जातात. मग खालचा थर दबून पाणी सोडतो आणि दोष बियाण्याला! जोड (जुळे कांदे), डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) आणि जाड मानेचा माल चाळीत टाकूच नका, आधी विकून मोकळे व्हा. लागवडीच्या 60 दिवसांनंतर युरिया पडलेला असेल तर तो कांदाही फार दिवस धरू नका. माना जाड राहतात, टिकत नाही.

मंगळवेढ्याकडून

आमच्याकडं यारी (गाळ वर ओढायचं यंत्र) लावून विहिरींचा गाळ काढणं आणि उरल्यासुरल्या पाण्यात टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकणं, ही दोन कामं.

टीसीएलचं आधी, कारण ते सगळ्यात जास्त चुकतं. पाणी किती ते काढा: व्यास × व्यास × पाण्याची खोली × 0.785, सगळं मीटरमध्ये, की घनमीटर मिळतात. 4 मीटर व्यास आणि 3 मीटर पाणी असेल तर साधारण 37.7 घनमीटर, म्हणजे 37,700 लिटर. 1000 लिटरला 5 ग्रॅम धरून सुमारे 190 ग्रॅम पावडर लागते. ती कोरडी फेकायची नाही. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं ठेवा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या, दोरीने विहिरीत सोडा आणि खालीवर हलवून पाण्यात मिसळा. चुन्याचा साका बाहेर टाकायचा, विहिरीत नाही. तासाभराने ओटी तपासणी (पाण्यात क्लोरीन उरला का ते थेंब टाकून बघणं). पिवळा रंग आला तरच पाणी भरायला द्या.

रंग येत नसेल तर दोन कारणं असतात. एक म्हणजे तळाशी गाळ फार, तो क्लोरीन खाऊन टाकतो. दुसरं, पावडर जुनी. ताज्या पावडरीत क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतो. पोत्याचं तोंड उघडं ठेवून ऊन-दमट हवा लागू दिली की तो उडत जातो. 20 टक्क्यांच्या खाली आली की टाकून द्या.

औशावरून

गाळ काढताना कंदील सोडून बघतात. तो विझला नाही म्हणजे उतरायला हरकत नाही, असं धरायचं का?

मंगळवेढ्याकडून

नाही. कंदील विझला तर आत प्राणवायू कमी आहे, एवढंच कळतं. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू कंदिलाला कळत नाही. म्हणून डिझेल-पेट्रोलचं इंजिन विहिरीत उतरवायचंच नाही, ते काठावर, आणि धुराची नळी अशी नको की वाऱ्याने धूर विहिरीत येईल. उतरणाऱ्याच्या कमरेला आणि खांद्याला दोर, वर दोन माणसं. खाली कुणाला चक्कर आली तर मागोमाग उडी मारायची नाही, दोराने ओढून घ्यायचं. एकामागं एक माणसं जातात ती या उडीमुळं.

औशावरून

बरं झालं विचारलं. इकडं सोयाबीनचं घरचं बियाणं तपासणं चालू आहे. ओल्या गोणपाटावर 10-10 दाण्यांच्या 10 ओळी, दुसरं ओलं गोणपाट वर, सैल गुंडाळी करून सावलीत. रोज पाणी शिंपडा, सहा-सात दिवसांनी फक्त धडधाकट कोंब मोजा. वाकडे, मुळी नसलेले धरू नका. 70 निघाले तर एकरी 30 किलो. त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवा, म्हणजे 60 ला 35 किलो. सोयाबीनची साल फार पातळ. हमालाने पोतं खांद्यावरून आदळलं की उगवण तिथंच गेली, मग कितीही तपासा.

जळगावहून

कुरडया. गहू तीन दिवस भिजत, पाणी रोज बदलून. एक दिवस चुकवला की चीक आंबट आणि कुरडई काळपट. चौथ्या दिवशी वाटून चीक गाळून घ्या, रात्रभर ठेवा, सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओता. जितका चीक तितकंच पाणी उकळायचं, चीक फार घट्ट असेल तर जरा जास्त. मीठ हात राखून, वाळल्यावर खारटपणा वाढतो. एकीने ओतायचं, दुसरीने हाटायचं. एकटीचं हे काम नाही, गुठळ्या होतात. झाकण ठेवून चकाकी येईपर्यंत वाफ द्या आणि गरम असतानाच सोऱ्यात भरा. कच्चा राहिला तर वाळताना तुकडे पडतात, गार झाला तर सोऱ्यातून उतरत नाही. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या करा, फेकू नका.

गडचिरोलीतून

आमच्याकडं मे म्हणजे तेंदूपत्ता (विडीचं पान). पहाटे जंगलात, उन्हाच्या आत घरी, दुपारभर पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर (पानं गोळा करायच्या केंद्रावर). 70 पानांचा एक पुडा, 1000 पुड्यांचं एक प्रमाण गोणी. पान मऊ, डाग-भोकं नसलेलं हवं. गारपीट झाली की तिथलं पान गेलंच. पुडे मोकळ्या जागेत ओळीने मांडतात, तीन-चार दिवसांनी पालटतात. अवकाळी पाऊस आला आणि ओले पुडे तसेच भरले तर पान काळं पडून बुरशी धरतं. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळू नका, वणवा तिथूनच पेटतो. झाडून घ्या, नाहीतर जाळी बांधा.

राजापूरातून

हापूस चौदा आणे (सोळातला चौदा, म्हणजे जवळजवळ पक्व) झाला की झेल्यानं (जाळी लावलेल्या काठीनं) काढायचा, देठ इंच-दीड इंच ठेवून. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो. अढीला (आंबा पिकत घालायला) भाताचा पेंढा, आंबा एकेरी थरात, वर पुन्हा पेंढा. आठ-दहा दिवस, रोज हात घालून पिकलेला बाजूला. बाकी घराची कौलं परतायची आहेत, वेळ नाही.

निफाड तालुक्यातून

एक राहिलं. वळीव आडवा येतो, म्हणून चाळीच्या बाजूंना कापड सोडता ना, ते पाऊस थांबला की लगेच वर घ्या. रात्रभर बंद राहिलं की आत घाम सुटतो, चार दिवसांत वास यायला लागतो.